एकसर आणि समांतर : सौरविजेच्या जोडणीचा हिशेब

आपल्या वार्षिक अंकात कथा, कविता आणि प्रवासवर्णने यांची वाण कधी पडत नाही. तारा, बॅटऱ्या आणि व्होल्ट-अँपिअर यांच्याविषयी मात्र कलाशाखेच्या अंकात सहसा कोणी लिहीत नाही. त्याचे कारणही उघड आहे. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी आपल्यापैकी बहुतेकांनी विज्ञानाला जो रामराम ठोकला, तो कायमचाच. परंतु विज्ञानाने आपल्याला रामराम ठोकलेला नाही. ते आता घराच्या छपरावर येऊन बसले आहे आणि तेथून रोज संध्याकाळी आपली परीक्षा घेते आहे.

मी इतिहास विषय घेतलेली विद्यार्थिनी. राहणार गगनबावडा तालुक्यातल्या अठरा उंबऱ्यांच्या एका वाडीत. आपला तालुका पावसाचा. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस येथे पडतो. जून-जुलैत झाडे उन्मळून तारांवर पडतात, खांब कलतात आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की कोल्हापूरकडची वाट बंद होते. अशा वेळी वीज गेली तर ती केव्हा येईल हे ज्योतिषालाच विचारावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तर हे दुखणे साऱ्या जिल्ह्याला दाखवून दिले. म्हणून वर्गणी काढून आमच्या वाडीने समाजमंदिरावर शंभर-शंभर वॅटची चार सौर पॅनेल बसवली आणि आत दोन मोठ्या बॅटऱ्या ठेवल्या. तेथे पाच दिवे लागतात आणि वाडीतले सगळे मोबाइल तेथे भरून घेतले जातात. मोबाइल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रात्री कोणाला पान लागले किंवा एखादी बाळंतीण अडली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोबाइलवरूनच बोलवावी लागते आणि बॅटरी संपलेल्या मोबाइलवरून ती येत नाही.

ही सामग्री आणल्यावर प्रश्न उभा राहतो तो साधाच. चार पॅनेल एकमेकांना जोडायची कशी, आणि दोन बॅटऱ्या जोडायच्या कशा? जोडण्याच्या रीती दोनच : एकसर आणि समांतर. शाळेच्या पुस्तकात त्या एका आकृतीत आटोपल्या होत्या. पण त्यांच्यातला फरक न ओळखल्यामुळे चांगला माल कसा वाया जातो, हे आमच्या वाडीने पाहिले आहे. ते आपणा सर्वांना उपयोगी पडावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

उंची आणि धार

प्रथम दोन शब्द समजून घेऊ. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात आणि प्रवाह अँपिअरमध्ये. या दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती, ती वॅटमध्ये. मला हे पाठ होते, पण उमगले नव्हते. ते उमगले आमच्या चुलतभावामुळे. तो आय.टी.आय.मधून वायरमनचे शिक्षण घेऊन आला आहे. मी त्याला म्हटले, "दादा, दाब आणि प्रवाह यांत फरक काय, ते मला माझ्या भाषेत सांग." त्यावर तो हसून म्हणाला, "आगं, नदीचं पाणी माळावर न्यायचं तर टप्पं का घालत्यात? त्येच हाय ह्ये."

कोल्हापूर जिल्ह्यात उपसा योजना कोणी पाहिली नाही असा माणूस विरळा. समजा, एक पंप पाणी पन्नास फूट वर चढवतो आणि तासाला दहा हजार लिटर देतो. शेत शंभर फुटांवर असेल तर काय करतात? पहिला पंप पाणी मधल्या टप्प्यापर्यंत नेतो आणि तेथून दुसरा पंप ते पुढे उचलतो. दोन पंपांनी उंची दुप्पट झाली, पण शेतात पाणी तासाला दहा हजार लिटरच पडते. ही झाली एकसर जोडणी. याउलट शेत पन्नास फुटांवरच आहे, पण पाणी दुप्पट हवे आहे, तर दोन्ही पंप नदीकाठी शेजारीशेजारी बसवतात. उंची तीच राहते, धार दुप्पट होते. ही समांतर जोडणी. उंचीच्या जागी दाब आणि धारेच्या जागी प्रवाह घाला, की विजेचे अर्धे शास्त्र हाती आले.

'एकसर' हा शब्दही किती नेमका आहे पाहा. सर म्हणजे दागिन्यातला मोत्यांचा पदर. एका पॅनेलचे प्लस टोक दुसऱ्याच्या मायनसला, दुसऱ्याचे प्लस तिसऱ्याच्या मायनसला, असे मोती ओवावेत तसे ओवत गेले की एकसर जोडणी होते. तिच्यात दाबांची बेरीज होते, प्रवाह मात्र सगळ्यांतून एकच वाहतो. समांतर जोडणीत सगळी प्लस टोके एकत्र आणि सगळी मायनस टोके एकत्र बांधतात. तेथे दाब एकच राहतो आणि प्रवाहांची बेरीज होते.

उपसा योजनेचे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकवते. टप्प्याटप्प्याच्या योजनेत मधला एक पंप बंद पडला तर वर थेंबही पोहोचत नाही. शेजारीशेजारी लावलेल्या पंपांतला एक बंद पडला तर पाणी निम्मे होते, पण येत राहते. गणपतीच्या आराशीत पूर्वी बारीक दिव्यांच्या ज्या माळा असत, त्यांतला एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात जाई, ती याच कारणाने. घरातले दिवे मात्र समांतर जोडलेले असतात, म्हणून माजघरातला गेला तरी सोप्यातला जळत राहतो. पुढच्या साऱ्या विवेचनाचे बीज एवढ्यात आहे.

पॅनेलच्या पोटात

आमच्याकडे सौर पॅनेलला 'प्लेट' म्हणतात. ती एक वस्तू दिसते, पण तिच्या पोटात सिलिकॉनचे अनेक सौरघट असतात. एक सौरघट उन्हात साधारण अर्धा व्होल्ट दाब देतो. घट मोठा केला तर प्रवाह वाढतो, दाब तेवढाच राहतो. अर्ध्या व्होल्टने काय होणार? म्हणून शंभर वॅटच्या लहान पॅनेलमध्ये असे ३६ घट एकसर ओवलेले असतात. त्यांचा मिळून दाब कामावर असताना १८ व्होल्टच्या आसपास आणि काही न जोडता मोजला तर २१-२२ व्होल्ट भरतो.

बारा व्होल्टच्या बॅटरीला अठरा व्होल्टचे पॅनेल कशाला, अशी शंका कोणीही घेईल. बॅटरी पुरती भरायची तर तिला सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत न्यावे लागते. शिवाय सिलिकॉन तापले की त्याचा दाब घटतो आणि तारेतही थोडा दाब खर्ची पडतो. ही सारी तूट धरून ३६ चा आकडा ठरला आहे. बॅटरीही आतून एकसरच असते. शिसे-आम्लाच्या एका घटाचा दाब दोन व्होल्ट, असे सहा घट ओळीने जोडले की बारा व्होल्ट होतात. म्हणजे आपण तार हातात घेण्यापूर्वीच कारखान्याने निम्मी जोडणी करून ठेवलेली असते.

ही युक्ती तशी जुनी. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने जस्त आणि चांदी किंवा तांबे यांच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली आणि तिचे वर्णन २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. चळत जितकी उंच, तितका झटका मोठा. जगातली पहिली बॅटरी ही अशी एकसर जोडणीच होती. पुन्हा भरता येणारी शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या प्लांते याने १८५९ मध्ये केली, आणि सिलिकॉनचा उपयोगी सौरघट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला.

निसर्गाने मात्र या दोन्ही रीती माणसाच्या कितीतरी आधी वापरल्या आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत वीजवाम नावाने ओळखता येईल असा एक मासा आहे. त्याच्या अंगात हजारो पेशी एकसर लागलेल्या असतात. एकेक पेशी व्होल्टच्या दहाव्या हिश्शाहून थोडाच अधिक दाब देते, पण सगळ्यांची बेरीज शेकडो व्होल्टांवर जाते. २०१९ मध्ये त्याच्या एका जातीत ८६० व्होल्ट मोजले गेले, आणि त्या जातीला व्होल्टाचेच नाव देण्यात आले. समुद्रातल्या टॉर्पेडो माशाच्या अंगात अशा पेशींचे पुष्कळ स्तंभ शेजारीशेजारी असतात. त्याचा दाब बराच कमी, पण प्रवाह मोठा. असे का? गोडे पाणी विजेला फार अडवते, तेथे दाब हवा. खारे पाणी वीज सहज वाहू देते, तेथे प्रवाहाने काम भागते. वाटेत अडथळा किती, यावर जोडणी ठरते. हीच गोष्ट आपल्या तारेलाही लागू आहे.

तारेचा हिशेब

समाजमंदिराच्या छपरापासून बॅटरीची खोली वीस मीटर अंतरावर आहे असे समजू. जाणारी आणि येणारी मिळून तार झाली चाळीस मीटर. चार चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली, तर तिचा रोध होतो सुमारे ०.१७ ओहम. आकडा क्षुल्लक वाटतो. आता शंभर वॅटची चार पॅनेल घ्या. प्रत्येकाचा दाब १८ व्होल्ट, प्रवाह साडेपाच अँपिअर.

चारही समांतर जोडली तर दाब १८ व्होल्ट आणि प्रवाह २२ अँपिअर. तारेत वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. बावीसचा वर्ग ४८४, त्याला ०.१७ ने गुणले की ८२ वॅट. म्हणजे चारांपैकी जवळजवळ एक पॅनेल नुसती तार तापवण्यासाठी बसवल्यासारखे झाले! शिवाय तारेतच पावणेचार व्होल्ट दाब पडून बॅटरीपाशी जेमतेम सव्वाचौदा व्होल्ट पोहोचतात. उन्हाळ्यात पॅनेल तापले की तेवढेही पोहोचणार नाहीत.

तीच चार पॅनेल एकसर जोडली तर दाब ७२ व्होल्ट आणि प्रवाह साडेपाच अँपिअर. साडेपाचचा वर्ग सुमारे ३०, त्याला ०.१७ ने गुणले की पाच वॅट. प्रवाह चौपट कमी झाला म्हणून नुकसान सोळापट कमी झाले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. अशा मोठ्या प्रकल्पांत पॅनेलांच्या लांब एकसर माळा करतात आणि मग त्या माळा समांतर जोडतात. अलीकडच्या प्रकल्पांत एका माळेचा दाब हजार-दीड हजार व्होल्टपर्यंत नेतात, तो याच हिशेबाने. राज्यभर शेतांत बसलेल्या सौरपंपांची पॅनेलही बहुधा अशीच ओळीने जोडलेली आढळतील.

मग सगळीकडे एकसरच का जोडू नये? त्याला दोन अडचणी आहेत. पहिली अशी की ७२ व्होल्ट बॅटरीला सरळ देता येत नाहीत. मधे चार्ज कंट्रोलर लागतो. साधा, स्वस्त कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्याच दाबावर ओढून आणतो. त्याला ७२ व्होल्ट दिले तर बारा व्होल्टच्या बॅटरीत प्रवाह साडेपाच अँपिअरच जाईल आणि उरलेला दाब फुकट जाईल, तोही कंट्रोलर न जळता टिकला तर. एम.पी.पी.टी. नावाचा महाग कंट्रोलर मात्र जास्त दाब उतरवून त्याच्या बदल्यात जास्त प्रवाह देतो. त्यालाही दाबाची एक कमाल मर्यादा असते, आणि ती मोजताना थंडीतली सकाळ धरावी लागते. उन्हाने पॅनेलचा दाब घटतो तसा गारव्याने वाढतो. पॅनेलच्या मागे छापलेल्या मोकळ्या दाबावर काही टक्के शिल्लक ठेवूनच माळ बांधावी. दुसरी अडचण सावलीची. तिला स्वतंत्र प्रकरण द्यायला हवे.

फणसाची सावली

आमच्या समाजमंदिराच्या पश्चिमेला जुना फणस आहे. दुपारी तीननंतर त्याची सावली चार पॅनेलांपैकी पश्चिमेकडच्या दोन पॅनेलांवर येते. बॅटऱ्या दोन, एकसर, म्हणजे चोवीस व्होल्टच्या. म्हणून पॅनेलांच्या दोन-दोनच्या दोन माळा केल्या होत्या आणि त्या माळा समांतर जोडल्या होत्या. प्रत्येक माळेचा दाब ३६ व्होल्ट. हे योग्यच होते. तरीही तीन वाजले की वीज येणे जवळजवळ थांबे. निम्म्या पॅनेलांवर ऊन असताना निम्मी तरी वीज यावी की नाही? वाडीतल्या जाणत्यांनी फणस तोडायचा ठराव केला.

दादाने आधी तारा पाहिल्या. प्रत्येक माळेत एक पॅनेल पूर्वेकडचे आणि एक पश्चिमेकडचे ओवले होते. एकसर जोडणीत प्रवाह सर्वांतून एकच वाहतो, हे आपण पाहिले. सावलीतला घट कमी प्रवाह देतो, आणि मग उन्हातल्या घटांचाही प्रवाह तेवढाच होतो. शिवाय तो सावलीतला घट वीज देण्याऐवजी इतरांची वीज खाऊन तापू लागतो. तसे होऊ नये म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड बसवतात. महामार्गाला जसा बाह्यवळण रस्ता, तसा तो प्रवाहाला सावलीतले घट टाळून पुढे जाऊ देतो. पण तसे झाले की त्या घटांचा दाबही बेरजेतून जातो. आमच्या दोन्ही माळांतून एकेक पॅनेल असे गळाले. प्रत्येक माळेत उरले १८ व्होल्ट, आणि चोवीस व्होल्टची बॅटरी भरायला हवेत सुमारे २८.८. दोन्ही माळांत पुरेसा दाबच नाही, मग बॅटरीत काय जाणार?

दादाने एकही नवी वस्तू न आणता फक्त तारा बदलल्या. उन्हातली दोन पॅनेल एका माळेत घेतली, सावलीत येणारी दोन दुसऱ्या माळेत. तेव्हापासून तीननंतर दुसरी माळ झोपी जाते, पण पहिली पुऱ्या ३६ व्होल्टांनी काम करत राहते. निम्मी वीज मिळते आणि फणस जागेवर आहे. सुखदुःख सारखे असणाऱ्यांना एका सरात ओवावे, हा यातला नियम. वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेली, वेगवेगळ्या वॅटची किंवा वेगवेगळ्या वयाची पॅनेल एका माळेत घेऊ नयेत, तेही याच कारणाने.

जुनी आणि नवी

बॅटऱ्यांची गोष्ट याहून खर्चाची ठरली. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास अशा दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या तर २४ व्होल्ट, १५० अँपिअर-तास होतात. समांतर जोडल्या तर १२ व्होल्ट, ३०० अँपिअर-तास. दोन्ही गुणाकार सारखेच : ३६०० वॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ३.६ युनिट. जोडणी बदलून साठा वाढत नाही. कोणी तसे सांगू लागला तर त्याला हा गुणाकार करून दाखवावा.

आमच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक चार वर्षांनी थकली. तालुक्याबाहेरच्या एका दुकानदाराने सांगितले, "एकच बदला, दुसरी अजून बरी आहे, पैसे वाचतील." वाडीला ते पटले. प्रत्येक घराने पुन्हा वर्गणी दिली. वर्षभरात दोन्ही बॅटऱ्या रात्री नऊलाच मान टाकू लागल्या, आणि त्या ऐन आषाढात समाजमंदिर अंधारात राहिले.

पुढे उघडीप मिळाली तेव्हा दादाने मीटर लावला. दोन्ही मिळून दाब २८.८ व्होल्ट, अगदी हवा तेवढा. मग एकेकीचा स्वतंत्र मोजला. जुनीचा निघाला १५.५ आणि नवीचा १३.३. कंट्रोलरला फक्त बेरीज दिसते, आणि बेरीज बरोबर होती! जुनीची कुवत कमी, म्हणून ती लवकर भरे आणि नंतर नुसती उकळत राही, तिचे पाणी आटे. नवीला मात्र पुरते भरण्याइतका दाब कधी मिळेच ना. अर्धवट भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तिची कुवत जाते. रात्री वापरताना उलट होई : जुनी आधी रिकामी होई आणि तिच्यातूनच प्रवाह पुढे ढकलला जाऊन ती आणखी खचे. एक अपचनाने गेली, दुसरी उपासाने.

मग जुनी-नवी समांतर जोडली असती तर? तेथे दाब एकच असल्याने असे ओढले-ताणले जाणे कमी होते. पण खराब बॅटरी चांगलीची वीज रात्रंदिवस शोषत राहते, आणि एखादीत आतला घट शॉर्ट झाला तर शेजारणीचा सारा प्रवाह तिच्यात धावतो. म्हणून दोन्ही रीतींना नियम एकच : बॅटऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच कुवतीच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात, आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम. समांतर जोडताना आणखी एक पथ्य पाळतात. प्लसची मुख्य तार रांगेतल्या पहिल्या बॅटरीवरून घेतली, तर मायनसची शेवटच्या बॅटरीवरून घ्यावी. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर जवळची बॅटरी जास्त राबते आणि टोकाची आळशी राहते.

वाडीने शेवटी तिसऱ्यांदा वर्गणी काढली आणि दोन्ही बॅटऱ्या एकदम बदलल्या. वर्षाची जी नवी होती, ती निम्म्या कुवतीने देवळातला एक दिवा जाळते आहे. एकटी आहे, म्हणून अजून टिकली आहे.

पावसाळ्याची बेगमी

ढगाळ दिवसाविषयी एक गैरसमज आढळतो. ढग आले की पॅनेलचा दाब पडतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मंद उजेडातही दाब बराचसा टिकून राहतो, घटतो तो प्रवाह. त्यामुळे पावसाळ्यात एका माळेत आणखी पॅनेल ओवण्यापेक्षा आणखी एक माळ समांतर जोडणे अधिक उपयोगी पडते.

आमच्या समाजमंदिराचा हिशेब असा. नऊ वॅटचे पाच दिवे पाच तास जळले तर २२५ वॅट-तास. मोबाइलांसाठी रोज तीनशे धरा. एकूण ५२५. बॅटऱ्यांतला साठा ३६००, पण शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असा दंडक आहे, म्हणून हाताशी १८००. म्हणजे काहीच ऊन नसेल तर साडेतीन दिवसही पुरे होत नाहीत. स्वच्छ उन्हात चारशे वॅटची पॅनेल दिवसाला दोन युनिटांच्या आसपास देतात. दाट ढगांत त्याचा दहावा हिस्सा धरला, तर रोज दोनशे वॅट-तास मिळतात आणि सव्वातीनशेची तूट येते. साठा पाच-साडेपाच दिवस पुरतो. आपल्याकडची झड त्याहून लांबते, हे सांगायला नको. म्हणून झडीच्या तिसऱ्या दिवसापासून समाजमंदिरात एकच दिवा लावायचा आणि मोबाइल आधी भरायचे, असे वाडीने ठरवले आहे. तारांच्या शास्त्राची हद्द संपली, की पुढे असा माणसांचा करार लागतो.

आणखी एक गोष्ट नव्याने पॅनेल घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे घरांच्या छपरांवर पॅनेल वाढत आहेत. पण अशी बहुतेक यंत्रणा वीजमंडळाच्या तारांना जोडलेली आणि बॅटरीविना असते. बाहेरची वीज गेली की तिचा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसेल. शहरात हे चालून जाते. गगनबावड्यात मात्र बॅटरी हवी की नको, हे आधी विचारून घ्यावे.

शेवटी सुरक्षिततेविषयी. पॅनेलला बंद करायचे बटण नसते. ऊन आहे तोवर त्याच्या टोकांवर वीज आहे. म्हणून दादा काम करताना पॅनेलवर जाड घोंगडे टाकतो. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण उघडताना पडलेली ठिणगी विझते. पॅनेलची आणि बॅटरीची वीज एकाच दिशेने अखंड वाहते, तिची ठिणगी लांबते आणि पेट घेऊ शकते. म्हणून तेथे डी.सी.साठी बनवलेलेच स्विच आणि फ्यूज वापरावेत. तीन किंवा अधिक माळा समांतर असतील तर प्रत्येक माळेला स्वतंत्र फ्यूज हवा, कारण एक माळ बिघडली तर बाकीच्यांचा प्रवाह तिच्यात उलटा शिरतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून खोलीला वारा हवा आणि जवळ उदबत्तीसुद्धा नको. समांतर जोडताना प्लस-मायनस उलटे झाले तर तार क्षणात लाल होते. तेथे दोनदा पाहावे आणि मगच नट आवळावा.

विद्यार्थिमित्रहो, सौर सामग्री घेण्याचा प्रसंग आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येईल. तेव्हा दुकानदारापुढे वही उघडून चार प्रश्न लिहावेत. बॅटरीचा एकूण दाब किती? तार किती लांब? दिवसातून केव्हा आणि कोणत्या पॅनेलवर सावली येते? आणि एकत्र जोडायच्या वस्तू खरोखर एकसारख्या आहेत काय? पहिल्या दोन उत्तरांवरून किती पॅनेल ओळीने घ्यायची ते ठरते. तिसऱ्यावरून कोणाला कोणाबरोबर ओवायचे ते कळते, आणि चौथ्याने वर्गणी वाचते. यासाठी बेरीज, गुणाकार आणि एका संख्येचा वर्ग एवढेच गणित लागते. ते आपल्या सर्वांना येते. कलाशाखेत आलो म्हणून ते विसरण्याची सक्ती विद्यापीठाने अद्याप केलेली नाही.